लेखनसीमा

मी दारात पोचलो तेव्हा त्यांनी अंतोबा सोनाराचा अंगठा त्याच्याच ऐरणीवर दाबून धरला होता. सरनोबताच्या पागेतले दोघं होते. एकाने म्हाताऱ्याचं मनगट पकडलेलं, दुसऱ्याच्या हातात हातोडा. अंतोबा ओरडतही नव्हता. "शिक्का अजून झाला नाही, बाबांनो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याची बायको चुलीपाशी तोंडात पदर कोंबून बसली होती.

"सोडा त्याला," मी म्हणालो.

हातोडेवाल्याने वळून बघितलं आणि दात काढले. "सटवाजी होय. तू तर आपल्यातलाच की रे. ये, बस, गंमत बघ."

आणि त्याने हातोडा घातला.

माझ्या हातात कोर्टाची काठी होती, शिसवी, वर पितळी बोंड. ती त्याच्या जबड्यावर बसली तेव्हा त्याचे दात उडून अंतोबाच्या शेगडीत पडले. दुसरा पाठीमागून अंगावर आला. त्याला उचलून मी दाराच्या चौकटीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं, आणि तो हलायचा थांबला तरी आणखी एकदा आपटलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. माझा सख्खा भाऊ त्यांच्या कोठडीत होता.

अंतोबा हात छातीशी धरून मटकन खाली बसला. अंगठ्याचा नुसता लगदा झाला होता. तरी त्याने दुसऱ्या हाताने पाण्याच्या कुंडीकडे खूण केली. मी आत हात घातला. तळाशी शिक्का होता, बंद्या रुपयाहून मोठा, मधे तराजू आणि भोवती अक्षरं.

"मोठा झाला," तो कण्हत म्हणाला. "लहान राहिला. त्यांनी ठेचला."

लहान शिक्का लाखेच्या गोळ्यासकट ऐरणीखाली पडला होता, चेपून वाकडा झालेला. मी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. मोठा हाताला लागला, मला तेवढा बास होता. म्हाताऱ्याला पाठुंगळी मारलं आणि कोर्टाची वाट धरली.

आता कोर्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मोठी इमारत येईल. तसलं काही नव्हतं. आमचं खडकोळी संस्थान एवढंसं, सकाळी घोड्यावर बसलं तर जेवणाच्या वेळेला हद्द संपायची. कोर्ट भरायचं जुन्या जकात नाक्याच्या पडवीत. एक न्यायाधीश, एक कारकून आणि एक शिपाई. तो शिपाई मी. त्याआधी न्याय म्हणजे सरनोबताची पागा. भिवराव सरनोबत कडबा तोडायच्या ओंडक्यावर पाय ठेवून उभा राहायचा आणि तो म्हणेल ते व्हायचं. कुणाला चाबूक, कुणाचा कान, कुणाचं नाक. मीही कैक वर्षं त्याच्याच चाकरीत होतो. एकदा त्याने एका म्हातारीला उलटी टांगायला सांगितली, त्या दिवशी मी पट्टा सोडून त्याच्या पुढ्यात टाकला आणि निघून आलो.

मग थोरले महाराज वारले, धाकटे गादीवर आले. त्यांच्या मानेवर कंपनीचा एजंट बसलेला. दोघांनी मिळून पुण्याहून त्र्यंबकपंत मुळ्यांना न्यायाधीश म्हणून आणलं आणि दवंडी पिटवली, की यापुढे न्यायसभेच्या शिक्क्याशिवाय कुणाला सजा नाही आणि शिक्क्याशिवाय कुणाची सुटका नाही. दवंडी झकास झाली. फक्त शिक्का करायचा राहून गेला होता.

तो करायला पंतांनी अंतोबा सोनाराला बोलावलं. मी तिथेच उभा होतो. दोन शिक्के सांगितले, मोठा कागदाच्या माथ्यावर उठवायचा आणि लहान मोर्तब शेवटी. मोठ्यावर तराजू हवा म्हणाले.

"कुठलं पारडं खाली ठेवू?" अंतोबाने विचारलं.

"कुठलंच नाही. दोन्ही सारखी."

"म्हणजे तराजू रिकामाच. बाजारात असा कुणी बघितलाय, पंत? लोक म्हणतील वाण्याने दुकान बंद केलंय."

पंत खो खो हसले. पुण्याचे असूनही त्यांना हसता येत होतं. "आपल्या दुकानात सुरुवातीला रिकामाच असतो," ते म्हणाले. अंतोबा मान हलवत गेला आणि सावकाश, त्याच्या चालीने कोरायला बसला. घाई नव्हतीच कुणाला, माझ्या भावाला धरेपर्यंत.

माझा धाकटा भाऊ रंगू नालबंद होता. नाल नीट मारला नाही म्हणून घोडा लंगडतोय असं म्हणत सरनोबताच्या भाच्याने त्याला भर बाजारात चाबकाने फोडला. रंगूने चाबूक धरून ओढला. भाचा घोड्यावरून पडला आणि त्याचा उजवा हात कोपरात मोडला. तो पुन्हा सरळ झाला नाही. सरनोबताने रंगूला कोठडीत घातलं. पंतांनी साक्षी ऐकल्या, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकासुद्धा पुढे येऊन बोलल्या, आणि निकाल झाला, की आधी हात उचलला तो भाच्याने, रंगूला सोडावं. तो निकाल घेऊन मी पागेत गेलो तर सरनोबताने कागद उलटासुलटा करून बघितला.

"शिक्का कुठाय, सटव्या? दवंडी तुमच्याच महाराजांची आहे. उद्या दिवस मावळायच्या आत शिक्क्याचा कागद आण. नाहीतर मी माझ्या रीतीने उरकतो. भाच्याचा हात गेलाय माझ्या."

म्हणून अंतोबा जेवणखाण सोडून कोरत बसला होता, आणि म्हणूनच ते दोघं हातोडा घेऊन त्याच्या दुकानात आले होते.

मी म्हाताऱ्याला पडवीत उतरवलं तेव्हा पंत येरझारा घालत होते. त्याचा हात बघून त्यांच्या चिमटीतली तपकीर खाली सांडली. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"कोण करणार, पंत?"

त्यांनी अंतोबाच्या अंगठ्याला आपल्या उपरण्याची पट्टी फाडून बांधली. बापूजी कारकुनाने निकाल नव्याने मोडीत लिहून काढला. पंतांनी सही केली, शिक्क्याला शाई लावून तो स्वतः कागदाच्या माथ्यावर दाबला. तराजू लख्ख उठला.

"आणि मोर्तब?" बापूजीने विचारलं.

"आता कुणाच्या अंगठ्याने कोरायचं ते?" पंत म्हणाले. "ऊन उतरायला लागलंय. सही आहे, मोठा शिक्का आहे. सटवाजी, पळ."

बापूजीलाही त्यात वावगं वाटलं नाही आणि अंतोबालाही नाही. मी कागद पागोट्यात खोचला आणि पळत सुटलो.

सरनोबत पागेच्या ओट्यावर बसला होता. मी कागद पुढे केला तसा तो उठला. दोन्ही हातांनी कागद घेतला, कपाळाला लावला. "बघा रे, शिक्का आला. आता आपण हुकमाचे ताबेदार." त्याची माणसं हसली. मग मला म्हणाला, "बस, दम घे. वाचून घेतो." त्याचा कारकून कागद घेऊन आत गेला. मला कुणीतरी गूळपाणी आणून दिलं. रंगू सुटणार या आनंदात मी त्या घरचं पाणी प्यालो.

बऱ्याच वेळाने कारकून बाहेर आला आणि ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचायला लागला. निकाल मी कोर्टात ऐकलेलाच होता. साक्षी, चाबूक, भाचा, सगळं तसंच येत गेलं. "सबब रंगू वलद कान्होजी नालबंद यास सोडावे," त्याने वाचलं. माझा जीव भांड्यात पडला. पण कारकून थांबला नव्हता.

"सोडावे ते उजवा हात मनगटापासून उतरवून सोडावे."

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "असं काही नव्हतं त्यात."

"तुला वाचता येतं?" सरनोबताने विचारलं.

मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्या अंगावर धावलो. सहाजण पडले माझ्यावर. एकाचा कान मी दाताने फाडला, एकाच्या पोटात असा गुडघा घातला की तो तिथेच ओकला, पण शेवटी त्यांनी मला पालथं पाडलं आणि दोघं माझ्या पाठीवर बसले. तेवढ्यात रंगूला बाहेर काढलं. उजेडाने त्याचे डोळे दिपले होते. मला बघून तो हसला.

"दादा, कागद आला व्हय?"

"आला," सरनोबतच म्हणाला. "तुझ्या दादानेच आणलाय."

त्यांनी त्याला ओंडक्यापाशी नेलं. कुऱ्हाड भाच्याने मागून घेतली. त्याचा उजवा हात कामातून गेलेला, म्हणून त्याने ती डाव्या हाताने धरली, आणि पहिला घाव मनगटावर न बसता वर बसला. रंगू मला हाका मारत होता. मी डोळे मिटले तर माझे केस धरून त्यांनी मान वर केली. दुसराही घाव चुकला. तिसऱ्याला ते काम झालं. मग उकळतं तेल आणलं. त्यात तुटलेलं मनगट बुडवल्यावर रंगू एकदाच ओरडला आणि त्याची शुद्ध हरपली. सरनोबताने कागदाची घडी माझ्या पागोट्यात परत खोचली. "हुकूम बजावला म्हणून सांग तुझ्या पंताला," तो म्हणाला.

मी भावाला खांद्यावर टाकून कोर्टात आणलं. तिथे बापूजीने कागद उघडला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अक्षर हुबेहूब माझंच काढलंय," तो म्हणाला. "खाली कोरी जागा राहिली होती, पंत. तिथे घातलीय ही ओळ."

तेव्हा मला मोर्तब म्हणजे काय ते कळलं. शेवटच्या अक्षराला चिकटून ते उठवतात. त्यावर एकच शब्द असतो, लेखनसीमा. लिहिणं इथे संपलं, यापुढे कुणाला एक काना घालता येऊ नये. ठेचलेल्या त्या लहान शिक्क्यावर अंतोबाचं 'लेखन' कोरून झालं होतं. 'सीमा' राहिली होती. पंतांनी हे ऐकलं आणि आपल्याच तोंडात मारून घेतली. नंतर ते उजाडेपर्यंत रंगूच्या उशाशी बसून होते.

दुसऱ्या दिवशी सरनोबत न बोलावता कोर्टात आला, भाच्याला आणि पागेतल्या माणसांना घेऊन. सगळा बाजार पडवीबाहेर लोटला होता. रंगू तापाने फणफणलेला, पण ऐकेना, भिंतीला टेकून बसला होता. सरनोबताने त्याच्याकडे बघितलं आणि पंतांना म्हणाला, "कसंय पंत, माझ्यावर ठपका ठेवायचा असेल तर कागद खोटा म्हणावं लागेल. कागद खोटा तर सुटकाही खोटी. पोरगं परत माझ्या कोठडीत. आणि कागद खरा असेल तर हात तुम्हीच तोडलात. काय ते ठरवा."

ओळ मागाहून घातली हे दाखवायला कागदावर मोर्तब नव्हतं. खरा म्हटला तर रंगू जन्मभराचा गुन्हेगार, खोटा म्हटला तर तो पुन्हा त्या ओंडक्यापाशी. पंतांनी मात्र सावकाश तपकिरीची चिमूट घेतली.

"मी कशाला ठरवू?" ते म्हणाले. "कागद तुमच्या हाती गेला, हुकूम तुम्ही बजावला. तुम्ही सांगा. खरा की खोटा?"

"मी हुकमाचा ताबेदार. शिक्का बघितला, बजावला. खराच."

"उत्तम. मग तेवढं लिहून द्या. बापूजी, घ्या लिहून. मी भिवराव सरनोबत, या न्यायसभेचा ताबेदार. सभेचा शिक्का माझ्यावर बंधनकारक आहे, आणि पुढेही राहील. महाराजांकडे आजच पाठवतो."

सरनोबताचं हसू जरा आक्रसलं. "लिहून कशाला द्यायला हवं?"

"ताबेदाराकडून घ्यावंच लागतं. आणि ताबेदार म्हटल्यावर रोज सकाळी इथे हजेरी. पागोटं काढून. हजेरी सटवाजी घेईल."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. बायकाच होत्या, भाजीवाल्या. मग पागेतलाही एकजण हसला, आणि ते सरनोबताच्या कानावर गेलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"सटव्या घेणार माझी हजेरी? माझ्या घोड्याची लीद काढणारा?"

"शिक्का खरा मानलात तर तसंच होणार, भिवराव."

"चुलीत गेला तुझा शिक्का," सरनोबत कडाडला. "सभेचं मी खात नाही. ती ओळ मी घालायला लावली. माझा हुकूम होता तो. हात मी तोडलाय, भिवराव सरनोबताने, आणि माझ्या आज्याने तोडले तसेच तोडत राहीन. कोण विचारतो ते बघतो."

"बापूजी, उतरलंत?" पंतांनी विचारलं.

"उतरलं, पंत. अक्षरन्‌ अक्षर."

सरनोबताला काय झालं ते तेव्हा उमगलं. तलवार उपसून तो थेट पंतांवर गेला. पहिला वार त्यांच्या दंडावर बसला. दुसरा माझ्या काठीने अडवला, काठीचे दोन तुकडे झाले. उरलेला तुकडा मी त्याच्या तोंडावर हाणला, नाक फुटलं, रक्ताचे शिंतोडे बापूजीच्या कागदावर उडाले. भाचा मधे आला तर भाजीवाल्यांनी त्याला झिंज्या धरून पायरीवरून खाली ओढला. पागेतली माणसं जागची हलली नाहीत. आम्ही दोघं उंबऱ्यावर कोसळलो. मी त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटत राहिलो, तो ढिला पडला, तलवार त्याच्या मुठीतून सुटली. ती मी उचलली. त्याचा उजवा हात उंबऱ्यावर आडवा पसरला, कोपरावर गुडघा रोवला.

पंत भिंतीला टेकून बसले होते, दंड दाबून. मी त्यांच्याकडे बघितलं. ते नको म्हणाले असते तरी मी ऐकलं नसतं. ते काहीच म्हणाले नाहीत.

"सटवाजी," सरनोबत म्हणाला. तोंडात रक्त होतं, शब्द धड फुटत नव्हते. "माझं मीठ खाल्लंयस तू."

मी तलवार वर नेली.

"दादा," रंगू म्हणाला. "खाली ठेव ती."

"तू गप बस."

"त्याला सजा झाल्याली न्हाय अजून. शिक्का कुठाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझा हात तोडला त्या ओळीला शिक्का होता का रे?"

"म्हणून तर सांगतोय," रंगू म्हणाला.

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. त्यांना हवंच होतं ते, आणि मला त्याहून जास्त हवं होतं. रंगू मात्र माझ्याकडे न बघता आपल्या हाताच्या थोट्याकडे बघत होता. मग मी तलवार फेकून दिली आणि सरनोबताचा हात पाठीमागे नेऊन दोरीने बांधला.

त्याला कैद झाली, रीतसर, शिक्क्यानिशी. भाच्यालाही. रंगूच्या सुटकेचा नवा कागद निघाला. सरनोबत काही वर्षांनी कैदेतच तापाने मेला. जाळायला आणला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. त्याचे दोन्ही हात छातीवर जुळवून ठेवले होते. चिता पेटेपर्यंत मी ते हात बघत उभा राहिलो.

घरी आलो तर रंगू जेवायला बसत होता. गावच्या पंगतीत डाव्या हाताने जेवणाऱ्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे, तेव्हापासून घरातसुद्धा तो भिंतीकडे तोंड करूनच जेवतो. "कुठं गेला हुतास?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुठे नाही. लोक म्हणतात रंगूसारखा माणूस खडकोळीत झाला नाही, आणि तसं मीही म्हणतो. पण त्या दिवशी त्याने मला अडवलं याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आता दोघांचे केस पिकले तरी. एका हाताने भाकरी मोडत नाही. मी त्याच्या ताटाशी बसलो आणि रोजच्यासारखी त्याला भाकरी कुस्करून दिली.